चुंबक चिकटले नाही, म्हणजे ३०४च असे नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘चुंबक चिकटले नाही, म्हणजे स्टेनलेस अस्सल’ ही कसोटी सर्रास सांगितली जाते. कमी निकेलच्या स्टीलपुढे ती साफ फसते. २०१ किंवा २०२ या कमी निकेलच्या ग्रेडच्या सपाट पत्र्यालाही ३०४ या जास्त निकेलच्या ग्रेडप्रमाणेच चुंबक धरत नाही. उलट ४३० या ग्रेडला ते घट्ट चिकटते, तरी ४३० नकली नाही. त्यात निकेल घालतच नाहीत. शिवाय ३०४ चा पत्रा डायमध्ये (साच्यात) खोल दाबला, की कडेला थोडे चुंबक धरतोच.

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०१ मध्ये निकेल ३.५ ते ५.५ टक्के; भरपाईला ५.५ ते ७.५ टक्के मँगॅनीज आणि थोडा नायट्रोजन. आता, गंज रोखते ते मुख्यतः क्रोमियम. मग निकेल कमी केल्याने बिघडते कुठे? निकेल धातूची आतली ऑस्टेनाइट (चुंबक न धरणारी) रचना टिकवते. मँगॅनीजचा तो जोर निकेलच्या निम्माच धरतात. रचना टिकवायची तर क्रोमियमही उतरवावे लागते. जेमतेम एक टक्का निकेलच्या ग्रेडमध्ये ते १५-१६ टक्क्यांवर येते, आणि गंज तिथून आत शिरतो. त्यात गंधक जास्त राहिले, तर मँगॅनीज सल्फाइडच्या कणांपाशी बारीक खड्डे पडू लागतात.

म्हणून हे स्टील टाकाऊ ठरत नाही. २०१ ची किमान यील्ड ताकद (कायमचे वाकण्याआधी सोसायचा ताण) सुमारे २६० मेगापास्कल, ३०४ ची २०५. कोरड्या जागेतल्या मांडण्या, फर्निचरच्या नळ्या, पट्ट्या यांना ते उत्तम. खारी हवा, मिठाचे पाणी, ब्लीच यांच्याजवळ मात्र नको. तिथे ३०४ लाही डाग पडतात.

कारखानदारांना छळणारी गोष्ट वेगळीच. कमी निकेलच्या पत्र्याचे खोल ओढलेले भांडे डायमधून धड निघते आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, काठापासून उभे तडकते. दाबताना पत्र्यात मार्टेन्साइट ही कठीण रचना तयार होते, ताण आत अडकतो, आणि धातूतला हायड्रोजन उरलेले काम करतो. ओढ दोन टप्प्यांत विभागावी, माल रात्रभर तसाच न ठेवता सुमारे १०५० अंश सेल्सिअसला तापवून झटपट थंड करावा. तांबे घातलेला ग्रेड घेतला तर पत्रा सावकाश कडक होतो.

ओळखायचे कसे? एक्स-रे गन मिश्रण थेट दाखवते. नसेल तर मँगॅनीज तपासायचे थेंबकिट चालते, पण पृष्ठभाग आधी घासून घ्यावा. बिलावर नुसते ‘एसएस’ चालवून घेऊ नये. ग्रेड आणि हीट नंबर (माल कोणत्या वितळणीतला, तो क्रमांक) दोन्ही मागावेत. ३०४ च्या नावाने २०१ विकणे ही फसवणूक. २०१ म्हणून विकणे नव्हे.

ग्रेडचा ठसा भंगारासाठीही हवा. २०० मालिकेचे (२०१, २०२ वगैरे) तुकडे ३०४ च्या ढिगात मिसळले, तर वितळलेल्या मालात मँगॅनीज आणि तांबे वाढते. तांबे तर भट्टीत काढताच येत नाही. आणि चुंबकाने हे दोन ढीग वेगळे होत नाहीत.

आपले,
धातुकामातील काही वाचक