वाचून दाखवायचा गृहपाठ देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली आणि शाळेत निरोपाचा कार्यक्रम झाला, तेव्हा मला जे बोलायचं होतं ते राहून गेलं. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, मुलं रडली, आणि त्या गडबडीत दोन मिनिटांत उरकण्यासारखं ते नव्हतंच. म्हणून हे पत्र लिहायला बसले. ते उघडच लिहितेय, कारण तुम्ही सहावी-सातवीच्या मुलांसाठी जे केलंत ते दुसऱ्या गावच्या आयांना आणि शिक्षकांनाही कळावं असं मला फार वाटतं.

पाचवीपर्यंत माझी मुलगी अभ्यासात बरी होती. सहावीत गेल्यावर पुस्तकांची भाषाच बदलते, हे घरात बसून आम्हाला कळत नव्हतं. गोष्टी कमी होतात आणि विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र सुरू होतं. क्षेत्रफळ, अपवर्तन, पर्जन्यछाया, प्रकाशसंश्लेषण असे शब्द एकामागून एक येतात. घरात हे शब्द कुणाच्या तोंडी नसतात. मूल धडा वाचतं, सगळी अक्षरं वाचतं, आणि शेवटी हाती काहीच लागत नाही. मग गाईडमधून उत्तरं उतरवायची आणि वही पूर्ण करायची. घरोघरी हेच चालतं, आमच्याकडेही तेच चाललं होतं.

तुम्ही गृहपाठ दिलात तो लिहायचा नव्हताच. रोज पंधरा मिनिटं घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. पाठ्यपुस्तकच हवं असंही नाही. वर्तमानपत्र चालेल, किशोर मासिकाचा अंक चालेल, बियाण्याच्या पिशवीवरची माहिती चालेल. वहीत तीन गोष्टी लिहायच्या: काय वाचलं, कुठला शब्द अडला आणि ऐकणाऱ्यानं कोणता प्रश्न विचारला. खाली ऐकणाऱ्याची सही, नाहीतर अंगठा.

तो शेवटचा मुद्दा तुम्ही घातलात म्हणून आमचं घर या अभ्यासात आलं, बाई. मी शिवणकाम करते. दिवसभर मशिन चालू असतं, पण साड्यांना फॉल लावायचं काम मी रात्री हातानं करते. मशिन बंद म्हणजे घर शांत. मुलगी शेजारी बसून वाचायची, मी टाके घालत ऐकायची आणि सासूबाई पलीकडे लसूण सोलत ऐकायच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. पण प्रश्न विचारायला त्या कधी मागे राहिल्या नाहीत.

भूगोलातला भरती-ओहोटीचा धडा होता. चंद्राच्या ओढीनं समुद्राचं पाणी चढतं, असं मुलीनं वाचलं. सासूबाई म्हणाल्या, "मग आपल्या हिरीला का गं भरती येत न्हाई? चंद्र तर तिच्यावर बी असतोय." मला उत्तर येत नव्हतं, मुलीलाही येत नव्हतं. प्रश्न वहीत गेला. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो फळ्यावर लिहिलात, वर "आजींचा प्रश्न" असं लिहून, आणि सगळ्या वर्गाला कामाला लावलंत. समुद्र हजारो किलोमीटर पसरलेला असतो, त्यामुळे चंद्राची ओढ त्याच्या एका भागावर जास्त आणि दुसऱ्या भागावर कमी पडते. विहिरीचं पाणी एवढंसं, त्याच्यावर ती सगळीकडे जवळजवळ सारखीच पडते, म्हणून पाणी चढलेलं दिसत नाही. हे उत्तर मुलगी घरी घेऊन आली आणि आजीला समजेल अशा शब्दांत तिनं सांगितलं. त्यात किती वेळा ती अडली आणि परत धड्यात डोकावली, ते मी पाहिलं. तो धडा तिला आजही पाठ आहे, आणि पाठांतर न करता. सासूबाई अजून प्रत्येक पाहुण्याला सांगतात, की बाईंनी माझा सवाल फळ्यावर लिहिला होता.

शब्दांच्या बाबतीत तुमची एक शिस्त होती. अडलेला शब्द दिसला की लगेच अर्थ विचारायचा नाही. आधी ते वाक्य पुन्हा वाचायचं, मागचं-पुढचं वाक्य बघायचं आणि अंदाज पेन्सिलीनं लिहायचा. मग कोश उघडायचा. आठवड्याला तीन-चार शब्दच, जास्त नाहीत. मला सुरुवातीला ते कमी वाटलं होतं, पण एक शब्द किती अंगांनी हाताळायचा हे बघितल्यावर पटलं, की तीन-चार पुरे आहेत.

कोश कसा बघायचा हेही शिकवावं लागतं, हे मला तुमच्यामुळे कळलं. "प्रतिकूल" शोधायला मुलगी "प" च्या सुरुवातीलाच पानं उलटत बसली होती. प, पा, पि, पी करत करत पौ संपल्यावर मग "प्र" येतं, हे तिला सापडलं तेव्हा ती ओरडलीच. जोडाक्षरं बाराखडीच्या मागून येतात, एवढी साधी गोष्ट. आणि तो शब्द हवा होता विज्ञानाच्या पहिल्या धड्यातल्या "अनुकूलन" साठी. "प्रतिकूल हवामान" हे आम्ही शेतकरी माणसं रोज ऐकतो. त्याच्या उलट अनुकूल, आणि परिस्थितीला अनुकूल होत जाणं म्हणजे अनुकूलन. ऐकीव शब्दाचं बोट धरून पुस्तकातला शब्द घरात आला.

परिवलन आणि परिभ्रमण यांचा गोंधळ तर सगळ्याच मुलांचा होतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते कोणतं आणि सूर्याभोवती फिरते ते कोणतं? तुम्ही मुलांना लग्नपत्रिका आणायला सांगितल्यात. पत्रिकेवर फोन नंबराच्या आधी "भ्रमणध्वनी" छापलेलं असतं. भ्रमण म्हणजे हिंडणं. जी लांबवर हिंडून येते ती फेरी परिभ्रमण. वलन म्हणजे वळणं, जागच्या जागी. त्यानंतर आमच्या घरात हा गोंधळ झाला नाही. आमच्या घरच्या पत्रिकेचा हा उपयोग होईल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं!

आणि त्या चिठ्ठ्या. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला मुलानं स्वतः केलेलं वाक्य. अर्थ उतरवून घ्यायचा नाही, वाक्य आपलं हवं. शब्द आठवला की चिठ्ठी रोजच्या गठ्ठ्यातून आठवड्याच्या गठ्ठ्यात जायची, तिथेही आठवला तर महिन्याच्या. विसरला तर परत पहिल्या गठ्ठ्यात. विसरण्याबद्दल रागावणं नाही, शिक्षा नाही. विसरायला लागतानाच शब्द पुन्हा समोर आला की तो पक्का होतो, असं तुम्ही पालकसभेत सांगितलंत, ते मी घरात घडताना बघितलं. उरलेल्या ब्लाउजपीसची तीन खिशांची एक पिशवी मी मुलीला शिवून दिली, ती तुम्हाला एवढी आवडली की मग अख्ख्या वर्गासाठी शिवल्या. त्या कामाचा मला फार आनंद झाला. कुठलं गिऱ्हाईकाचं काम इतक्या हौसेनं केल्याचं मला आठवत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी तुमचे सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत, ती सांगते. वहीच्या मागच्या बाजूला तुम्ही "घरचे शब्द" असं पान करायला लावलंत. पुस्तकातल्या शब्दासमोर घरचा शब्द, आणि पुस्तकात नसलेले घरचे शब्द वेगळे. आमच्या पोरांना शाळेत बोलताना लाज वाटते. आम्ही घरी कालवणाला "कोरड्यास" म्हणतो, "हिर" म्हणतो, "बी" म्हणतो, आणि शाळेत कुणी हसेल म्हणून मूल गप्प बसतं. तुम्ही कधी हसला नाहीत. कुणाला हसूही दिलं नाहीत. चुकीचा शब्द असं तुम्ही म्हणतच नव्हता. हा बोलताना, हा लिहिताना, एवढंच सांगायचात.

त्या पानावर सासूबाईंचा शब्द आला, थारोळं. मुलीनं पेपरात अपघाताची बातमी वाचली होती, "रक्ताच्या थारोळ्यात". अंदाज केला होता "डबकं". सासूबाई म्हणाल्या, थारोळं म्हणजे बैलांनी ओढून पाणी काढायची मोट जिथं रिकामी होते ती विहिरीवरची जागा, तिथून पाणी पाटाला लागतं. मग मोटेचे बाकीचे भागही त्यांनी सांगितले. बैल ज्या उतारावरून ये-जा करतात ती धाव, जाड दोर तो नाडा, मोटेच्या सोंडेला बांधलेला दोर तो सोंदूर. मी या घरात नांदायला आले तेव्हा विहिरीवर विजेचा पंप होता, मलाही हे ठाऊक नव्हतं. तुम्ही मुलीला फोनवर शिकागो विद्यापीठाचं संकेतस्थळ दाखवलंत, तिथे मोल्सवर्थचा 1857 चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश फुकट बघता येतो. थारोळ्याचा अर्थ आजीनं सांगितला तोच निघाला. अंगठा देणाऱ्या बाईचं म्हणणं कोशात छापलेलं आहे, हे नातीनं तिला वाचून दाखवलं.

आणि दिवाळीनंतर वर्गात आलेला तो मुलगा. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला, मराठवाड्यातून. हंगाम संपेपर्यंतच इथे राहणारी ही मुलं. कुणी त्यांच्याकडे फारसं बघत नाही, हे खरं आहे आणि ते वाईट आहे. मुलगी सांगायची, तो वाचायला उभा राहिला की आवाजच फुटायचा नाही. तुम्ही त्याला वाचायला लावण्याआधी त्याच्या घरचे शब्द मागितलेत. त्यानं पान भरलं: कोपी, फड, मोळी, वाढं, मुकादम, उचल. वर्गातल्या मुलांनी "उचल" चा अर्थ "उचलणे" असा सांगितला. त्यानं सांगितलं, हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे, जे नंतर ऊस तोडून फेडायचे असतात. "कोयता" म्हणजे नुसतं हत्यार नाही, त्यांच्यात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. त्या दिवशी वर्गात सगळ्यात जास्त शब्द त्याला येत होते. त्यानंतर तो वाचायला लागला, आधी स्वतःचं पान, मग किशोर. त्याच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ऐकायला कोण होतं ते मला माहीत नाही, पण त्याच्या वहीवर अंगठे असायचे, असं मुलगी सांगते. मार्चमध्ये ते लोक गेले, तेव्हा तुम्ही त्याच्याबरोबर वही आणि किशोरच्या अंकांचा गठ्ठा दिलात. माझं मूल त्या वर्गात बसून हे बघत होतं. तिनं त्यातून काय घेतलं ते मला तिच्या वागण्यात दिसतं.

किशोरबद्दल एक सांगायचंच आहे. 1971 पासून बालभारती हे मासिक काढते, माझ्या लहानपणी आमच्याही शाळेत यायचं. जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर मोफत ठेवलेत, हे मला तुमच्याकडून कळलं. पालकांनी एवढं तरी करावं. पुस्तकं विकत घ्यायला पैसे नसतात, पण फोन जवळजवळ प्रत्येक घरात आहे. 15 ऑक्टोबरला सगळीकडे वाचन प्रेरणा दिन होतो, फोटो निघतात, पुस्तकं परत कपाटात जातात. तुमच्या वर्गात 16 तारखेलाही पुस्तकं बाहेरच असायची.

पुढे शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. समानार्थी, विरुद्धार्थी, म्हणी, वाक्प्रचार, शब्दसमूहाबद्दल एक शब्द, हे सगळं त्यात येतं. मुलगी तिची तयारी याच पिशवीतून करतेय. निकाल काय लागायचा तो लागेल. मला तिचं वाचतानाचं थांबणं आवडतं. आधी न कळलेल्या शब्दावरून ती तशीच पुढे जायची, आता थांबते, मागचं वाक्य परत वाचते, मग पुढे जाते. माझ्या कानांना ते अंतर कळतं, कारण इतके महिने मी तिचं वाचन ऐकलंय. आणि बाई, माझंही वाचन परत सुरू झालं. तालुक्याच्या ग्रंथालयात मी नाव घातलंय. पुस्तक बदलायला मुलगी आणि मी बरोबरच जातो.

तुमच्या जागी आलेल्या सरांना आम्ही तिघी-चौघी आया भेटलो आणि मुलांच्या वह्या दाखवल्या. त्यांनी सहावीला हाच गृहपाठ सुरू केलाय. धाकटा माझा यंदा सहावीत आहे, त्याची पिशवी शिवून झाली. सासूबाईंना आता दोन नातवंडांचं ऐकावं लागतं, त्यांची तक्रार नाही.

तुमच्या नव्या शाळेत सुरुवातीला पालक विचारतील, की लिहायचा गृहपाठ का देत नाही, वही कोरी का. विचारतीलच, आम्हीही विचारलं होतं. तेव्हा त्यांना माझा नंबर बिनधास्त द्या. सांगायचं ते मी सांगेन. पिशव्या लागल्या तर वर्गात मुलं किती आहेत तेवढं कळवा, एसटीनं पाठवून देईन.

तब्येतीला जपा. घरातल्या सगळ्यांना नमस्कार.

आपली,
तुमच्या सातवीतल्या एका मुलीची आई