डिसेंबरात येत नाही, रागावू नका

नेल्सन, ब्रिटिश कोलंबिया
४ डिसेंबर २०२२, रविवार

ती. बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, पत्राचे फोटो दादाच्या फोनवर पाठवलेत, पण वाचून तूच दाखव. चष्मा कपाळावर सरकवून फोन नाकाला लावलेले बाबा मला इथून दिसतायत. ते नको. ऑपरेशन होईपर्यंत त्या डोळ्याला सुट्टी.

फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर मी मध्येच रडते, तू "नीट जेवतेस ना?" विचारतेस आणि मूळ विषय तसाच राहतो. म्हणून आधीच लिहून टाकते. मी डिसेंबरात येत नाही. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी तिथे नसेन. तिकीट काढलंच नव्हतं, आणि तुम्हाला मात्र "बघते, बघते" म्हणत राहिले. ते माझं चुकलं.

आता कारणं. स्की रिसॉर्टच्या डिप्लोमातला कामाचा भाग हिवाळ्यातच होतो, कारण बर्फ हिवाळ्यातच असतो. त्यातही नाताळ ते नववर्ष हा डोंगरावरचा सर्वांत गर्दीचा आठवडा. बाबा, गणपतीत कंडक्टरला रजा मिळते का? जादा गाड्या सुटायच्या आणि आपल्या घरची आरती तुमच्याशिवाय व्हायची, तसंच हे. (टोमणा नाही हं. लिहिल्यावर टोमणा वाटला, पण खोडत नाही, कागद खराब होतो.) शिवाय १५ नोव्हेंबरपासून इथल्या सरकारने आमच्यासारख्या विद्यार्थ्यांची आठवड्याला २० तासांची मर्यादा वर्षभरासाठी उठवली आहे. म्हणजे सुट्टीशिवायच्या दिवसांतही जास्त तास करता येतील. एसटीच्या संपाच्या त्या महिन्यांत माझी फी कशी भरली गेली ते मला माहीत आहे. पाटल्यांचं मी विसरलेले नाही.

बरं, काळजीचं आधी. खोली उबदार आहे, खरं तर जास्तच. घरात मोजे घालून बसावं लागत नाही. गरम पाणी चोवीस तास. नेल्सनची थंडी सिनेमातल्या कॅनडासारखी नाही, गाव तळ्याकाठी दरीत आहे. वर डोंगरावर उणे सात-आठ असतं, पण अंगावर तीन थर असतात आणि मी त्यात कापसाच्या गादीसारखी दिसते. भाताचा कुकर घेतला. मेतकूट अजून अर्धी बरणी आहे. आगळ जपून वापरते, रविवारीच सोलकढी. थर्मासमध्ये आल्याचा चहा नेते आणि आता आमच्या टोळीतले तिघं रोज त्यासाठी माझ्या मागे असतात.

आई, मफलरचं सांगायचं होतं. कामावर तो घालता येत नाही. यंत्राजवळ लोंबणारं काहीच चालत नाही, वेणीसुद्धा जॅकेटच्या आत खोचावी लागते. पण गावात फिरताना तोच असतो, आणि रात्री उशीवर घेते. अजून घरच्या ट्रंकेचा वास येतो त्याला. धुतलेला नाही, ओरडू नकोस.

आता काम. तू शेजारी "हॉटेल मॅनेजमेंट" सांगतेस ते दादाने सांगितलं. सांग, मला राग नाही. पण "कॅनडात जाऊन लिफ्टमन?" असं कुणी हसलंच, तर निदान तुम्हा दोघांना नीट माहीत असावं.

रायगडचा रोपवे आठवा. दादाच्याच वर्षी, १९९६ला, सुरू झालेला. आई डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती आणि बाबा मला पाचाडचा रस्ता वरून दाखवत होते. तो पाळणा उभा करून माणसं आत घेतो. इथली खुर्ची थांबत नाही. पोलादी दोराची दोन टोकं एकमेकांत विणून एकच वेढा केलेला असतो, तो खाली आणि वर दोन प्रचंड चाकांभोवती फिरत राहतो, आणि त्याला चार-चार माणसांच्या खुर्च्या घट्ट चिमटलेल्या. दर सहा-सात सेकंदांनी एक खुर्ची चाकाला वळसा घालून येते. माझं काम म्हणजे ती येताना हाताने धरायची, तिचा जोर अंगावर घ्यायचा आणि बसणाऱ्याच्या पोटऱ्यांना धक्का न लागता अलगद खाली टेकवायची. दिवसभरात किती वेळा, ते मोजायचं मी लवकरच सोडून दिलं. खांदे दुखतात. (आयोडेक्स आहे. लावते.)

गंमत सांगू? जगातली पहिली खुर्चीची लिफ्ट १९३६ साली अमेरिकेत सन व्हॅली इथे लागली. जेम्स करन नावाच्या रेल्वेच्या इंजिनियरने बोटीत केळीचे घड चढवायची यंत्रणा पाहिली होती, तिथे आकड्याच्या जागी त्याने खुर्ची टांगली. म्हणजे आई, आपल्या परड्यातला घड आणि तुझी लेक साधारण एकाच वाटेने वर जातात.

पहिले दोन दिवस खुर्चीला हातही लावू दिला नाही. फावडं. बसायची आणि उतरायची जागा सपाट ठेवायची, रात्रीत पडलेला बर्फ उपसायचा, खड्डा पडला की भरायचा, लोक येऊन गेले की परत भरायचा. मग बटणं: हळू, थांबा, आणि लाल रंगाचं तातडीचं. मग वरची टपरी. वर एकटीनेच बसायचं, हीटर असतो, समोर काच, आणि उतरणाऱ्या प्रत्येकावर नजर. कुणी उतरताना आपटलं की थांबवायचं. कुणी खुर्चीतच राहून गेलं तर पुढे एक आडवी तार असते, तिला पाय लागला की लिफ्ट आपोआप थांबते. पण तारेवर विसंबायचं नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं. वाऱ्याचा वेग वहीत लिहायचा. वारा वाढला की लिफ्ट बंद, मग रांगेतल्यांनी कितीही तोंड वाकडं केलं तरी. सकाळी लोकांना घ्यायच्या आधी आमच्यातलं कुणीतरी रिकाम्या लिफ्टवरून एक फेरी मारतं, प्रत्येक खांबावरची चाकं आणि गोठलेला बर्फ बघत. काल ती फेरी माझी होती. उजाडत होतं, झाडं पांढरी, आवाज फक्त चाकांचा. मला २०१६च्या ऑगस्टमधली ती रात्र आठवली, महाडचा सावित्रीवरचा पूल कोसळून एसटीच्या गाड्या वाहून गेल्या ती, आई पायरीवर बसलेली. त्यानंतर प्रत्येक पुलाआधी तुम्ही गाडी हळू घ्यायला लावायचात आणि गाडीतले लोक हसायचे. बाबा, मीही हसले होते एकदा.

आणि एक नियम. लिफ्ट कुणीही थांबवू शकतं, पण ज्याने थांबवली त्याने फोनवर "मोकळं" म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. शिकवणाऱ्या ताईने तो इतक्या गंभीरपणे सांगितला आणि मला हसूच आलं. मी म्हटलं, हे मला माहीत आहे, आमच्या घरी याला डबल बेल म्हणतात. मग अर्धा तास सगळ्यांना एसटीच्या घंटीची दोरी समजावली.

लिहिणार नव्हते, पण लिहिते. शुक्रवारी एक सहा-सात वर्षांची मुलगी बसताना घसरली. तिच्या आईने जॅकेट धरलं होतं, आणि माझा हात बटणाजवळ असूनही हलला नाही. एक सेकंद असेल. ताईने थांबवली. मुलीला काही झालं नाही, ती उठून परत रांगेत आली. कुणी रागावलं नाही. ताई एवढंच म्हणाली की उगाच थांबवलीस तर मी तुला कधीच विचारणार नाही. त्या रात्री झोप लागेना. मला पाचाडच्या गाडीतल्या त्या टोपलीवाल्या आजी दिसत होत्या. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. ड्रायव्हरकाका हॉर्न देतायत आणि तुमचा हात दोरीवर तसाच, न ओढता. आता माझा हात बटणावरच असतो.

तर सूचना, आणि यात वाद नको. ऑपरेशनला दादा दोन दिवस आधी येईल, मी त्याच्याशी बोलले आहे. रिपोर्ट आणि साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी एकाच पिशवीत ठेवा. थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरांत कपाटाच्या दारावर चिकटवा. थेंब टाकण्याआधी साबणाने हात धुवायचे, बाबा, लुंगीला पुसायचे नाहीत. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकून बादली उचलायची नाही, डोळा चोळायचा नाही, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटर बंद. आई, या सगळ्यात तुझा गुडघा विसरू नकोस. पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही.

मी एप्रिलच्या शेवटी येते. तेव्हा वरचा बर्फ संपतो आणि आपल्याकडे आंबा असतो, हे मी मुद्दाम जुळवलेलं नाही, पण जुळलं आहे. तोवर रोज तुमच्या रात्री ८ला फोन करेन. तेव्हा इथे सकाळचे ६:३० असतात आणि मी वर निघालेल्या गाडीत असते. बोलता बोलता फोन तुटला तर घाबरायचं नाही. तिथे वळण आहे, रेंज जाते. दहा मिनिटांत परत येते.

तुमची,
बाय