मचाणावर चढायचं सामान घेण्याआधी

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

हरणाच्या शिकारीसाठी झाडाला टांगायचं १२ पौंडांचं ॲल्युमिनियमचं मचाण तू घेतलंस, ते चांगलंच आहे. आता वर चढायला काय घेऊ म्हणून विचारतोस आणि सोबत तीन प्रकारच्या स्टिकची, म्हणजे खोडाला पट्ट्याने बांधायच्या पायऱ्यांच्या दांड्यांची, माहिती पाठवली आहेस. तिन्हींत तुझी नजर वजनावर आहे. वजन बघायचंच, पण ते तिसऱ्या नंबरला. पहिला नंबर तुला झाडाशी बांधून ठेवणाऱ्या दोराचा आणि दुसरा पाय ठेवायच्या पायरीचा. माणसं पडतात ती बहुतेक चढता-उतरताना आणि स्टिकवरून मचाणावर पाऊल टाकताना. पैसेही त्याच क्रमाने खर्च कर.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार जवळजवळ बंदच झाली, त्यामुळे आपल्या घरात हे सांगणारे काका-मामा नाहीत. तुझ्या इथल्या, मिशिगनमधल्या मित्रांना या गोष्टी आजोबांकडून कळतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे. नीट वाच.

आधी हार्नेस, म्हणजे पडलास तर झेलणारा, अंगावर घालायचा पट्ट्यांचा साज. मचाणाच्या खोक्यात एक फुकट आलेला असेल. तो पूर्ण अंगाचा असतो, पण बहुतेकदा त्याला कमरेच्या दोन्ही बाजूंना दोर अडकवायच्या कड्या नसतात, आणि पहाटेच्या अंधारात त्याचे पट्टे एकमेकांत गुंततात. टांगायचं मचाण लावणाऱ्याला त्या कड्या लागतातच, म्हणून त्या असलेला वेगळा हार्नेस घे. लेबलावर टीएमए, म्हणजे मचाण बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या प्रमाणाचा शिक्का बघ, बनवल्याची तारीख बघ आणि वजनाची मर्यादा बघ. ती साधारण ३०० पौंड असते आणि त्यात जाड कपडे, बूट, पाठीवरची पिशवी सगळं धरायचं. माप घेताना नोव्हेंबरमधले कपडे अंगावर घालून घे. टी-शर्टवर बरोबर बसलेला हार्नेस जाड जॅकेटवर मांडीला काचतो आणि मग माणूस पट्टे सैल सोडतो. पाच वर्षं झाली की तो बाद, आणि एकदा जरी पडण्याचा झटका बसला तरी त्याच दिवशी बाद. वरून धड दिसला तरी आतली शिवण उसवलेली असू शकते.

मग लाइनमनचा दोर. विजेच्या खांबावर वायरमन कमरेचा पट्टा खांबाभोवती घेऊन मागे रेलतो, तसाच हा. एक टोक डाव्या कडीत, दोर झाडाच्या मागून, दुसरं टोक उजव्या कडीत. त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि स्टिक बांधता येते. २० इंच जाडीच्या झाडाचा घेर सव्वापाच फुटांच्या आसपास भरतो, म्हणजे ८ फुटांचा दोर पुरतो. तो कमी-जास्त करायला प्रुसिक गाठ असते, ती हाताने सरकते पण ओढ बसली की दोराला आवळून धरते. गाठीची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक हवी, ११ मिलिमीटरच्या दोरावर ६ ते ८ मिलिमीटरची, आणि तीन वेढे. वेढे एकावर एक चढले तर गाठ धरत नाही, ते शेजारी-शेजारी बसलेत ना हे बोट फिरवून बघायचं. कॅरॅबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या झडपेच्या कड्या, लॉक होणारेच घे, त्यांच्यावर २२ केएन (किलोन्यूटन, किती ताण सोसतो त्याचं माप) किंवा त्याहून जास्त असा आकडा कोरलेला असतो. किल्ल्या अडकवायला मिळतात ते या कामात चुकूनही नकोत.

हा दोर तुला झेलत नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेव. पाय सुटला तर त्याच्यासकट तू खोडावरून खाली घसरत जाशील. झेलतो तो हार्नेसच्या पाठीवरचा पट्टा, आणि तो डोक्याच्या उंचीवर किंवा त्याच्याही वर, ढील न ठेवता झाडाला बांधलेला असेल तरच. वाटेत फांदी आडवी आली की लाइनमनचा दोर सोडून वर घ्यावा लागतो, आणि त्या क्षणी तू कशालाच बांधलेला नसतोस. म्हणून असले दोन दोर घे. दुसरा फांदीच्या वर अडकवायचा, मगच पहिला सोडायचा.

तिसरा दोर लाइफलाइन, ३० फुटांचा. मचाण एकदा लागलं की याचं वरचं टोक मचाणावर उभं राहिल्यावर डोक्याच्या वर येईल असं झाडाला बांधायचं आणि खालचं बुंध्याशी. त्यावर प्रुसिक असते, तिला पाठीचा पट्टा जोडायचा आणि चढताना ती हाताने वर सरकवत न्यायची, नेहमी डोक्याच्या वर. जमिनीवर जोडला, तो परत जमिनीवर आल्यावरच सोडला, हा नियम.

आता स्टिक. तुझ्यासाठी माझं मत सरळ आहे: तीन पायऱ्यांच्या, ३२ इंची, दोन्ही बाजूंना पाय ठेवता येईल अशा ॲल्युमिनियमच्या चार घे. एकेक सव्वादोन-अडीच पौंडांची धर. तू पाठवलेल्या २० इंची छोट्या स्टिक हलक्या आहेत खऱ्या, पण हिशेब मांडून बघ. जमिनीपासून अडीच फुटांवर पहिली, मध्ये दोन-दोन फुटांची तीन अंतरं, तर चार छोट्या स्टिकांचं टोक १५ फुटांच्या आसपास येतं. मोठ्या चारांत अंतरं जेमतेम पावणेदोन फुटांची ठेवूनही टोक साडेअठरा फुटांपर्यंत जातं. छोट्यांनी ती उंची गाठायची तर अंतरं वाढवावी लागतात किंवा स्टिकच्या खाली पट्ट्याची लोंबती पायरी, एडर म्हणतात ती, लावावी लागते. एडरमध्ये बूट घातला की ती झाडाकडे आत झुलते आणि शरीर मागे कलतं. थंडीत जड बुटांनी, अंधारात हे करणं नवख्याचं काम नव्हे. एकाच स्टिकने चढून दोराने उतरायची पद्धतही आहे. ती पुढच्या एखाद्या वर्षी, आधी उन्हाळ्यात शिकून मग.

पोलादी स्टिक स्वस्त आणि भक्कम असतात, पण एकेक साडेतीन-चार पौंडांची. गाडीपासून शंभर पावलांवर मचाण असेल तर त्याच घे म्हटलं असतं. तुला वॉटरलूच्या सार्वजनिक रानातल्या टेकड्या चढून जायचं आहे, म्हणून ॲल्युमिनियम.

दुकानात स्टिक हातात घेशील तेव्हा पायरीची रुंदी तुझ्या शिकारीच्या बुटाने मोज, पायावर असतील त्या चपलांनी नको. पायरीला दाते किंवा खरखरीत पृष्ठभाग हवा, कारण दव पडलं की उघडं ॲल्युमिनियम निसरडं होतं. आणि पायरी दांड्यापासून फार लांब बाहेर आलेली नको. टोकावर पाय पडला की स्टिक झाडाभोवती फिरते, याला कारण साधी तरफ. पाऊल नेहमी दांड्याला चिकटून ठेवायचं.

बांधायला रॅचेटपेक्षा (दांडा मागेपुढे करून खटक्याने आवळायचा पट्टा) कॅम बकलचा (हाताने ओढला की बकल दाबून धरतं तो) पट्टा मला बरा वाटतो. रॅचेट घट्ट बसतो, पण त्याचा करकर आवाज शांत रानात लांबवर जातो आणि गोठलेल्या बोटांनी तो सुटत नाही. डायनीमा नावाच्या कृत्रिम धाग्याच्या अति हलक्या दोऱ्याही मिळतात. त्या स्टिक बांधायला चालतात, फक्त साधी गाठ मारायची नाही. तो धागा इतका गुळगुळीत की गाठ सरकते. कारखान्यातून फासे विणून आलेल्याच घे. आणि प्रुसिकसाठी तो धागा अजिबात नको, घासून तापला की लवकर वितळतो.

पट्टा बांधताना बकल खोडाच्या बाजूला येऊ दे, स्टिकच्या मागे दडपू नकोस. पट्टा खोडाभोवती आडवा, एका पातळीत. आधी हाताने घट्ट ओढ, मग स्टिक दोन्ही हातांनी खाली खेच म्हणजे मागचे दाते सालीत बसतात, आणि पुन्हा एकदा पट्टा ओढ. नुसता पट्टा आवळून पाय ठेवला तर स्टिक दोन-तीन इंच धसकते. धोका फारसा नसतो, पण माणूस दचकतो आणि दचकून हात सोडतो.

स्क्रूने झाडात फिरवून बसवायच्या पायऱ्या तुला स्वस्तात दिसतील. मिशिगनच्या सार्वजनिक जमिनीवर त्या बेकायदा आहेत, सालीला भोक पाडणारं काहीच चालत नाही. खाजगी शेतावर मालकाची परवानगी असली तरी घेऊ नकोस. गोठलेल्या लाकडात त्या नीट शिरत नाहीत, एकेक पायरी एका हाताने फिरवत वर जावं लागतं आणि खाली पडलास तर प्रत्येक पायरी म्हणजे बाहेर आलेला खिळा.

झाड निवडणं हाही सामानाच्याच हिशेबातला भाग आहे, कारण ३२ इंची सरळ दांडा वाकड्या खोडावर बसत नाही. जिवंत, सरळ, छातीच्या उंचीवर १० ते १८ इंच जाड असं झाड बघ. पांढरा ओक सगळ्यात चांगला, सालीवर दाते धरतात आणि पानं उशिरापर्यंत टिकून आडोसा देतात. शॅगबार्क हिकरीची साल पत्र्यांसारखी सुटी असते, तिच्यावर बांधलेली स्टिक सालीसकट खाली येते. ॲशच्या झाडाला हातच लावू नकोस. एमराल्ड ॲश बोरर नावाच्या हिरव्या भुंग्याने (अमेरिकेत तो २००२ मध्ये आपल्याच भागात पहिल्यांदा सापडला) मिशिगनमधले कोट्यवधी ॲश मारले आहेत, आणि मेलेला ॲश फार लवकर ठिसूळ होतो. बीचबद्दलही सावध राहा. त्याच्या रोगात वर हिरवी पानं असतानाच खोड मधूनच मोडतं. गुळगुळीत राखाडी सालीवर पांढरी बुरशी किंवा कापसासारखा थर दिसला की पुढे चाल. झाड किंचित कललेलं असेल तर मचाण कलत्याच्या वरच्या अंगाला लाव, खालच्या अंगाला लावलंस तर ते तुला पुढे ढकलत राहील.

चढायचा क्रम असा. मचाणाला ओढदोर बांधून ते जमिनीवरच ठेव, दोराचं दुसरं टोक हार्नेसला. पहिली स्टिक जमिनीवर उभं राहूनच लाव, खालची पायरी गुडघ्याच्या थोडी वर. लाइनमनचा दोर तिथूनच, तीन फुटांवरून पडूनही घोटा मोडतो. उरलेल्या तीन स्टिक कमरेच्या बाजूला लटकव. तीन टेकू नेहमी: दोन पाय एक हात, किंवा दोन हात एक पाय. चौथी स्टिक मचाणाच्या शेजारी थोडी बाजूला आणि अशी वर लाव की तिची वरची पायरी मचाणाच्या फळीच्या वर राहील. म्हणजे मचाणावर जाताना तू बाजूला आणि खाली पाऊल टाकशील, हातात धरायला स्टिक राहील. वर चढून मचाणावर जावं लागत असेल तर मांडणी चुकली, खाली येऊन दुरुस्त कर.

वर पोचलास की आधी पाठीचा पट्टा डोक्यावर झाडाला बांध, मग मचाण ओढून घे. मचाणाची फळी वर दुमडलेली असताना पट्टा जमेल तितका ओढायचा, मग फळी खाली पाडायची. त्या तरफेने मागचे दाते झाडात घट्ट बसतात. खालचा दुसरा पट्टा विसरू नकोस, तो नसेल तर फळीच्या कडेवर उभं राहिलं की मचाण बाजूला सरकतं. पहिल्यांदा एका पायाने दाबून बघ, मग पूर्ण वजन टाक.

हे सगळं आधी अंगणातल्या मेपलवर कर, मचाण जमिनीपासून दोन फुटांवर लावून, उजेडात आणि नंतर बॅटरीच्या उजेडात. हार्नेसमध्ये लटकूनही बघ, कुणाला तरी शेजारी उभं करून. लटकत स्थिर राहिलं तर मांडीच्या पट्ट्यांनी पायातलं रक्त अडतं आणि काही मिनिटांतच भोवळ येऊ शकते. म्हणून हार्नेससोबत पायात घालायचा पट्टा मिळतो, त्यात उभं राहून पाय हलवत राहायचं. तो पिशवीच्या तळाशी नको, हाताशी असलेल्या खिशात. फोनही अंगावरच्या खिशात, पिशवीत नाही.

आवाजाचं एक काम घरीच उरक. दोन स्टिक एकमेकींवर आपटून बघ, तो टण् आवाज हरणाला आपल्याआधी ऐकू जातो. दांडे आणि पायऱ्यांच्या बाहेरच्या कडा जाड कापडी चिकटपट्टीने गुंडाळ, पायरीचा वरचा भाग मात्र उघडा ठेव. पट्ट्यांची लोंबती टोकं रबराने बांध, वाऱ्यात फडफडतात.

बंदूक किंवा धनुष्य घेऊन चढायचं नाही, ओढदोराने मागून घ्यायचं. बंदूक रिकामी, बोल्ट उघडा, नळीचं तोंड खाली, आणि ओढताना तू तिच्या रेषेत नसावास.

मोसम संपला की सगळं उतरव. झाड वाढतं तसा पट्टा ताणत जातो, ऊन धागा खातं आणि खारी उरलेलं कुरतडतात. पुढच्या वर्षी त्याच पट्ट्यांवर डोळे मिटून चढायचं नाही; दोन मोसम झाले की स्टिकचे आणि मचाणाचे पट्टे नवे घे, तेवढे पैसे मी देईन.

सार्वजनिक जमिनीवर मचाणावर तुझं नाव-पत्ता खालून वाचता येईल असा लावावा लागतो, ते पेंटने लिहून टाक, कागद भिजतो. १ ऑक्टोबरला धनुष्याचा मोसम सुरू होतो, त्याच्या आधी पंधरा दिवस सराव हवा. छाती, कंबर आणि मांडीचं माप जाड कपड्यांवरून घेऊन या आठवड्यात पाठव, हार्नेस मी मागवते.

तुझी,
आई