बाबांचं ऐकून घेतलंत, ताई

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानले तेव्हा 'अगं, त्यात काय एवढं' म्हणून तुम्ही विषयच संपवलात. माझं काही समाधान झालं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आपोआप बंद-चालू होणारा फोन आणखी कुणाच्या घरी असेल, आणि तो फोन माझ्या बाबांसारख्या एकट्या राहणाऱ्या माणसाच्या हातात असेल, तर तुम्ही काय काय केलंत ते त्यांनाही कळावं.

तुम्ही मला ओळखतही नव्हता. मैत्रिणीची मोठी बहीण, मोबाईल दुरुस्त करते, एवढंच मला ठाऊक होतं. दिवसभराचं काम आटोपून तुम्ही नुकत्या टेकला असाल तेव्हा मी फोन केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बाबांचा फोन सारखा रीस्टार्ट होतो, फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून फोन नव्यासारखा, करून झालं, एकाने 'बोर्ड गेलाय' म्हणून सांगितलं, आता नवाच घ्यावा का? तुम्ही फक्त एक प्रश्न विचारलात. "ज्यांचा फोन आहे ते काय म्हणतात?"

मी गप्प झाले. बाबा काय म्हणतात ते मी दोन महिने ऐकत होते, पण खरं धरत नव्हते.

ते तीन गोष्टी परत परत सांगत होते. सकाळी सहाच्या गोळीची आठवण करून देणारं ॲप काही दिवस वाजतच नाही. 'तुझा फोन आला तेव्हा नाव आलं नाही, नुसता नंबर आला, म्हणून उचलला नाही.' आणि कॅमेरा मधूनच आपोआप उघडतो. बाबा ७४ वर्षांचे आहेत. त्यांच्या फोनमध्ये माझा नंबर 'बाळ' या नावाने कित्येक वर्षं आहे. नाव दिसलं नाही असं कसं होईल? गोळी चुकली की ॲप वाजलं नाही म्हणायचं, फोन उचलला नाही की नाव दिसलं नाही म्हणायचं. आम्हा भावंडांचं परस्पर ठरून गेलं होतं की बाबा विसरायला लागलेत. स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी डॉक्टरांची वेळ घ्यायचं माझ्या मनात होतं. हे लिहिताना आजही मला वाईट वाटतं.

तुम्ही म्हणालात, "काकांना लाइनवर घे." घेतलं. तुम्ही त्यांना हळू बोलून, सोपं करून काही सांगितलं नाहीत. एखाद्या जाणत्या माणसाला विचारावं तसं विचारलंत. "काका, फोन बोट लावून उघडता ना? मग पासवर्ड कधी मागतो का?"

"मागतो की. एखाद्या सकाळी बोट लावून उघडतच नाही."

"ज्या सकाळी पासवर्ड मागतो, त्याच सकाळी गोळीचं वाजलेलं नसतं का?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग बाबांचा आवाज आला, "हो की हो! अगदी बरोबर!" कितीतरी दिवसांत तो आवाज मी ऐकला नव्हता.

मग तुम्ही आम्हा दोघांना ते कोडं उलगडून सांगितलंत. ते इथे लिहिते, कारण माझ्या ओळखीत हे कुणालाच माहीत नव्हतं. २०१६ साली अँड्रॉइडची सातवी आवृत्ती आली, तेव्हापासून नव्या फोनमध्ये हळूहळू साठ्याचे दोन कप्पे होत गेले. एक कप्पा फोन चालू झाल्या झाल्या उघडतो. दुसरा, ज्यात आपले संपर्क, निरोप आणि बहुतेक ॲपची माहिती असते, तो रीस्टार्टनंतर पहिल्यांदा पासवर्ड टाकेपर्यंत कुलूपबंद राहतो. हे आपल्या सुरक्षेसाठीच आहे. चोराने फोन बंद-चालू केला तरी आतलं काही त्याच्या हाती लागू नये. पण रात्री तीन वाजता फोन स्वतःहून रीस्टार्ट झाला आणि मालक झोपेत असला, तर सकाळपर्यंत तो तसाच अर्धवट जागा पडून राहतो. फोन येतो, पण संपर्कांचा कप्पा बंद असल्यामुळे नाव येत नाही, नंबर तेवढा येतो. व्हॉट्सॲपचे निरोप पोचत नाहीत. गोळीच्या ॲपला तर आपण कधी वाजायचं हेच माहीत नसतं. मी पाठवलेल्या सकाळच्या निरोपावर काही दिवस एकच टिक राहायची. मी समजायचे, नेट बंद केलं असेल.

बाबांच्या तीनपैकी दोन गोष्टी खऱ्या ठरल्या, आणि अजून तुम्ही फोन हातातही घेतला नव्हता.

पण नुसत्या अंदाजावर तुम्ही थांबला नाहीत. बोट नाकारून पासवर्ड मागितला म्हणजे रीस्टार्ट झालाच असं नसतं, अँड्रॉइड साधारण ७२ तासांनी एकदा तसाही तो मागतो, हे सांगून तुम्ही बाबांना सेटिंगमधली 'अप टाइम' ही जागा दाखवलीत. 'फोनविषयी'मध्ये जाऊन 'स्थिती' उघडली की दिसते. फोन किती तास सलग चालू आहे, तो आकडा. काही फोनमध्ये ती थोडी इकडेतिकडे असते. वरवरचा बिघाड असेल, म्हणजे अँड्रॉइडचा वरचा भागच कोसळून पुन्हा उभा राहिला असेल, तर हा आकडा पुढे चालू राहतो. मुळापासून बंद होऊन चालू झाला असेल तर शून्यापासून सुरू होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला फोन करून सांगितलं, "तीन तास अकरा मिनिटं. म्हणजे पहाटे तीनच्या सुमाराला." जन्मभर हिशेब लिहिलेल्या माणसाला तुम्ही एक आकडा दिलात, आणि त्यांनी तो हातचा सोडला नाही.

प्रत्येक रीस्टार्ट वहीत टिपायची कल्पनाही तुमचीच. मी म्हटलं होतं, मी एक्सेलमध्ये करते. तुम्ही म्हणालात, "नको, काकांना लिहू दे. फोन त्यांच्याजवळ असतो." बाबांनी पट्टीने रकाने आखले. वेळ, चार्ज किती, फोन कुठे होता, काय चाललं होतं, आणि शेवटचा रकाना 'इतर'. नऊ दिवसांत सात नोंदी झाल्या. तुम्ही त्या फोनवर वाचून घेतल्यात, एकेक.

चार्जचा रकाना ऐकून तुम्ही बॅटरीवरचा संशय बराच कमी केलात. ८१ टक्के, ६४ टक्के, ९२ टक्के. जुनी बॅटरी दगा देते ती बहुधा चार्ज कमी असताना आणि फोनवर ताण आला की, म्हणजे कॅमेरा उघडला, लांबचा कॉल चालू असला, थंडी असली. तिचा आतला अवरोध वाढलेला असतो, एकदम जास्त वीज मागितली की विजेचा दाब खाली येतो आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. बाबांचा फोन ९२ टक्क्यांवर, काही न करता, रात्री रीस्टार्ट होत होता. तरी तुम्ही कव्हर काढून फोन सपाट टेबलावर ठेवायला लावलात. पाठ डुगडुगते का, पडद्याची कड उचलली गेली आहे का, पाहायला सांगितलंत. बॅटरी फुगलेली दिसली तर फोन चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही, टोचायचा तर मुळीच नाही, हे तीनदा बजावलंत. सुदैवाने तसं काही नव्हतं. मेमरी कार्ड काढून पाहिलं, साठा भरलाय का पाहिलं. त्यात वेळ गेला नाही.

मग ॲपची पाळी. पॉवर बटण दाबून धरल्यावर जी 'बंद करा'ची खूण येते, तिच्यावरच बोट दाबून ठेवलं की फोन सुरक्षित मोडमध्ये जायचं का विचारतो. त्या मोडमध्ये आपण टाकलेली ॲप चालत नाहीत, फोनबरोबर आलेली तेवढी चालतात. तिथेही रीस्टार्ट झाला तर ॲपचा दोष नाही. हे सांगता सांगता तुम्ही मध्येच थांबलात. "अरे, पण मग गोळीचं ॲपही चालणार नाही. काका, हे दोन दिवस फोनच्या घड्याळात सहाचा गजर लावा." ताई, या एका वाक्यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे. फोन तपासताना तुमचं लक्ष गोळीवर होतं.

तुम्हाला आधी त्या ॲपचाच संशय होता, आणि तो का होता तेही सांगितलंत. २ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्री सव्वाबारानंतर जगभरातले कितीतरी आयफोन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट व्हायला लागले होते. तारखेच्या हिशेबातली एक चूक होती, आणि ती उफाळून यायची ती आठवण करून देणाऱ्या ॲपच्या सूचनांमुळे. त्याच दिवशी ॲपलला आयफोनच्या प्रणालीची ११.२ ही आवृत्ती सोडावी लागली. आणि २०२० मधली ती तळ्याच्या फोटोची गोष्ट! वॉलपेपर म्हणून लावला की अँड्रॉइड १० चे काही फोन उठतच नव्हते, कारण फोटोतल्या रंगांच्या हिशेबात २५५ च्या पुढचा आकडा यायचा आणि तो घ्यायची तयारीच त्या प्रणालीत नव्हती. बाबांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे. "एका आकड्याने ताळेबंद मोडला," म्हणाले.

सुरक्षित मोडमध्ये पहिली रात्र नीट गेली. दुसऱ्या रात्री फोन पुन्हा रीस्टार्ट झाला. ॲप निर्दोष सुटलं. पण त्या सकाळी सहाचा गजर मात्र वाजला, कारण फोनचं स्वतःचं घड्याळ लगेच उघडणाऱ्या त्या पहिल्या कप्प्यात असतं. बाबांनी 'इतर'मध्ये लिहिलं, 'गजर वाजला. नाव नाही. पासवर्ड मागितला.'

आता उरला होता 'फोन कुठे होता' हा रकाना. सातपैकी पाच नोंदींमध्ये 'उशीखाली' आणि दोनमध्ये 'खिशात'. टेबलावर असताना एकदाही नाही. मी ती यादी दहा वेळा पाहिली होती, मला काही दिसलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, "काका, तो कॅमेरा उघडतो म्हणालात, तेव्हाही फोन खिशातच असतो का?" असतोच म्हणाले. तुम्ही हसलात. "मग तो आपोआप उघडत नाही. पॉवर बटण लागोपाठ दोनदा दाबलं गेलं की कॅमेरा उघडतो."

तिसरी गोष्टही खरी होती.

बटण दहा-वीस सेकंद दाबलेलं राहिलं की बहुतेक फोन सक्तीने रीस्टार्ट होतात. त्याला पासवर्ड लागत नाही, आणि लागूही नये, कारण फोन गोठला तर त्यातून सुटायचा तोच मार्ग असतो. पण बटण कोण दाबत होतं? तुम्ही बाबांना खोलीतला पंखा बंद करायला लावलात. फोन कानाशी धरून बटण हळूच दाबा आणि सोडा म्हणालात. आधी कव्हरशिवाय, मग कव्हर घालून. मी लाइनवर होते. कव्हरशिवाय मलासुद्धा अंधुक ऐकू आलं, टक, आणि सोडल्यावर दुसरं टक. कव्हर घातल्यावर बाबांनी तीन-चारदा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "आत गेल्याचा आवाज येतो. बाहेर आल्याचा येत नाही."

तीन वर्षांचं रबरी कव्हर. त्या कोपऱ्यात ते ताणून वाकडं झालं होतं आणि बटणावर सतत टेकलेलं होतं. बाकीचं काम उशी करत होती.

कव्हर काढल्यावरही रीस्टार्ट चालू राहिला असता तर बटणाच्या भोवतीची घाण किंवा बटणाखालची पट्टी पाहायची, ती बदलता येते, त्यासाठी बोर्डाला हात लावावा लागत नाही, हेही तुम्ही सांगून ठेवलंत. माझ्या घाईच्या फॅक्टरी रीसेटबद्दल तुम्ही बोल लावला नाहीत. एवढंच म्हणालात की तो शेवटचा उपाय, कारण त्याने माहितीबरोबर खाणाखुणाही पुसल्या जातात, आणि करायचाच तर आधी बॅकअप घे, खात्याचा पासवर्ड आठवतोय ना ते बघ. उशीखाली फोन ठेवू नका, तो तापतो, चार्जिंगला लावलेला तर कधीच नको, हेही तुम्ही काकांना सांगितलंत. मी हेच वर्षभर सांगत होते. तुमचं त्यांनी लगेच ऐकलं.

तुम्ही या सगळ्याचं काही घ्यायलाही तयार नव्हता. पण फोन वाचला याच्यापेक्षा मोठी गोष्ट घडली आहे, आणि ती तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. मी बाबांना जाऊन भेटले आणि त्यांची माफी मागितली. ते काही बोलले नाहीत. वही काढली आणि पहिल्या पानावरची पहिली नोंद दाखवली. तुमच्याशी बोलणं व्हायच्याही आधीची, मला माहीतच नसलेली, दोन महिन्यांपूर्वीची. 'आज गोळीचं वाजलं नाही. मी जागा होतो.'

आज सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी मी त्यांना फोन केला. दुसऱ्या रिंगला उचलला. "बोल बाळ," म्हणाले, "नाव आलं. गोळी घेतली. अप टाइम चारशे बारा तास. ताईंना कळव."

म्हणून कळवते आहे.

तुमची,
बाबांची मुलगी