पान 112 पासून

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोन ठेवल्यावर वाटलं, हे लिहूनच सांगावं. बाबा, हे पत्र आईच तुम्हाला वाचून दाखवणार. आई, मधलं काही गाळू नकोस.

गेल्या खेपेला आले तेव्हा बाबांच्या उशाशी जे पुस्तक होतं, तेच त्याआधीच्या खेपेलाही होतं, आणि खूणही तशीच पान 112 वर. दुपारी बाबा ते उघडून तासभर बसले होते. पान एकदाही उलटलं नाही. मी दारातून पाहत होते, पण आत यायचा धीर झाला नाही.

मी लहानपणापासून तुमची पुस्तकं मागून उघडत आले आहे. वाचून झालं की शेवटच्या पानावर पेन्सिलीने तारीख टाकायची, ही बाबांची सवय. काही पुस्तकांवर एकाखाली एक तीन-तीन तारखा आहेत. त्या जाड कादंबरीवरची पहिली तारीख माझ्या जन्माआधीची आहे आणि शेवटची मी कॉलेजात असतानाची. त्यात एका परिच्छेदाला केलेली खूण नंतर कधीतरी रबराने पुसलेली आहे; रेघेचा वळ मात्र राहिलाय. ती का पुसली असेल, याचा मी किती दिवस विचार केला होता. आई, तुझ्या तारखा कुठेच नाहीत. तू कामं आवरता आवरता उभ्या-उभ्याच वाचायचीस, तेही शेवट आधी वाचून. त्यावरून तुमचे वाद व्हायचे, आणि मला ते ऐकायला फार आवडायचं.

बाबा, तुम्ही म्हणालात, ‘वाचनावरचं मन उडालं.’ मला हे पटत नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते मी नीट समजून घेतलंय. वयामुळे दृष्टिपटलाच्या मधला भाग, मॅक्युला, खराब होतोय. त्यामुळे कडेचं दिसतं, पण जिथे नजर रोखावी तिथेच धूसर होतं. वाचन तर सगळं त्या मधल्या भागावरच चालतं. वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही. तो उड्या मारतो, प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो, आणि त्या थांब्यावर मोजकीच अक्षरं स्पष्ट दिसतात. तुमचे तेच थांबे धूसर झालेत. चष्म्याचा नंबर बदलून हे सुटत नाही. मन उडालेला माणूस तासभर एक पान धरून बसत नाही, बाबा.

ई-रीडरवर अक्षर मोठं करून पाहिलं, तेव्हा तुम्ही म्हणालात की पडद्यावर चार ओळी मावतात आणि लांब वाक्य मध्येच तुटतं. तेही खरंच.

राहिलं ऐकणं. त्याला तुम्ही वाचन मानत नाही. पण चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज ओठ न हलवता, आवाज न करता वाचायचे, याचं संत ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंताला इतकं नवल वाटलं की त्याने ते आवर्जून लिहून ठेवलं. म्हणजे मोठ्याने वाचणं, ऐकणं हेही वाचनच. एडिसनने 1877 साली फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची यादी छापली. त्यात अंध माणसांसाठी बोलणारी पुस्तकं होती. आणि एवढ्या लांब कशाला जायचं? मला वाचता येत नव्हतं तेव्हा तुम्ही दोघं मला वाचून दाखवायचात. त्या गोष्टी मी वाचल्यात असंच मी आजवर धरून चालले आहे.

आई रोज काही ना काही वाचून दाखवते, पण पाच-सहा पानांत तिचा घसा बसतो, हे मला फोनवर ऐकू येतं. म्हणून मी तुमच्या उशाशी असलेल्या त्याच पुस्तकाची, त्याच आवृत्तीची प्रत मिळवली आहे. सोमवारपासून रात्री नऊला फोन करेन. अर्धा तास मी वाचेन, तुम्ही ऐका. कुठे घाई केली तर थांबवा. संवाद मी भराभर वाचते, हे आई पूर्वीपासून सांगत आली आहे. आई, शेवट तुला ठाऊक असेलच. सांगू नकोस.

पुस्तक संपलं की तुमच्या प्रतीवर तारीख आईने टाकावी, माझ्या प्रतीवर मी टाकेन. आणि बाबा, ती पुसलेली रेघ. सोमवारी आधी तेवढं सांगा, मग पान 112 काढू.

तुमची,
लेक