‘टायर संपेपर्यंत निश्चिंत’: पंक्चररोधक द्रवाच्या बाटलीबद्दल तक्रार

दि. 4 ऑगस्ट 2025
कोथरूड, पुणे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: स्कूटरच्या मागच्या टायरचे नुकसान आणि आपल्या 22 जुलैच्या उत्तरातील एक वाक्य

महोदय,

स. न. वि. वि. ‘टायरमध्ये हवा कमी ठेवल्यामुळे उत्पादन निष्प्रभ झाले असावे’ असं तुम्ही मला कळवलं आहे. बाकी सगळं मी सोडून दिलं असतं. चारशे ऐंशी रुपयांच्या बाटलीपायी कागद काळे करायची हौस मला नाही. पण हे वाक्य मी सोडणार नाही.

मी निवृत्त लेखापाल आहे. दर रविवारी सकाळी, स्कूटर बाहेर काढायच्या आधी, टायर गार असताना, स्वतःच्या मीटरने हवा मोजतो आणि वहीत लिहितो. आमची मंडळी त्या वहीला ‘स्कूटरची पत्रिका’ म्हणतात. पुस्तिकेप्रमाणे हवेचा दाब पुढे 22 पीएसआय, मागे एकट्याला 29 आणि दोघांना 36. आम्ही बहुतेक दोघंच फिरतो, म्हणून मागे 36. तुमचा द्रव भरला तो 9 मार्च 2024 रोजी, नाना पेठेत. तेव्हापासून 6 जुलै 2025 पर्यंतच्या सगळ्या पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मागच्या चाकात 34 च्या खाली एकही नोंद नाही. दोन रविवार कोरे आहेत. तेव्हा आम्ही गावी होतो आणि स्कूटर पार्किंगमध्ये होती.

11 जुलैला संध्याकाळी सिंहगड रस्त्यावरून परतताना राजाराम पुलाच्या अलीकडे मागचं चाक वळवळायला लागलं. पाऊस पडत होता, बायको मागे. बाजूला घेईपर्यंत टायर पूर्ण बसला. तुमच्या बाटलीवर छापलंय, ‘पंक्चर झाल्यास ताशी 30 किमी वेगाने 3 किमी चालवा, छिद्र आपोआप बंद होईल.’ संध्याकाळी सात वाजता सिंहगड रस्त्यावर ताशी तीसचा वेग कुठे मिळतो ते कळवावं, मीही तिकडूनच जात जाईन. शिवाय बसलेल्या टायरवर दोन माणसं बसवून चालवलं तर रिमखाली टायरची बाजू चेंगरते आणि आतलं अस्तर फाटतं. म्हणून मी चालवली नाही. ढकलत नेली. वय वर्षे 66.

पंक्चरवाल्याने चाकाकडे पाहून पहिला प्रश्न विचारला, “काका, यात लिक्विड टाकलंय का?” हो म्हटल्यावर त्याने सुस्कारा सोडला. साधं पंक्चर असेल तर ट्यूबलेस टायर खोलावाही लागत नाही. खिळा उपटायचा, भोक कानशीने खरवडायचं, जाड सुईने चिकट दोरी आत सारायची, उरलेलं टोक कापायचं, साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. दहा मिनिटांचं काम. इथे दोरी घातली तरी बुडबुडे थांबेनात. दुसरी घातली, तरी तेच. मग सायलेन्सर सोडून चाक काढावं लागलं.

टायर रिमवरून उतरवल्यावर आतून द्रव निघालाच नाही. हिरवट, रबरासारखे गोळे निघाले आणि कडेला पापुद्रे. हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या पिनेवरसुद्धा तोच चिकटा. खिळा निघाला तो सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅबच्या फळ्या ठोकायचा, दोन इंची, आणि त्याचं डोकं रस्त्याला घासून आरशासारखं चकाकत होतं. पंक्चरवाला म्हणाला, “हा आजचा नाही, काका. महिना तरी झाला असेल.”

इथे मी तुमच्या बाजूनेही बोलतो, कारण हिशोब दोन्ही बाजूंनी मांडायची सवय आहे. चाक फिरताना द्रव बाहेरच्या बाजूला फेकला जातो, टायरला आतून लेप बसतो, आणि भोकातून हवा निसटायला लागली की तिच्याबरोबर द्रवातले तंतू तिथे जाऊन अडकतात. सुरुवातीला तुमच्या द्रवाने हे काम केलं असणार, नाहीतर रविवारच्या नोंदीत हवा उतरलेली दिसली असती. तुमचं उत्पादन खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. पण हवा उतरली नाही म्हणून मला खिळ्याचा पत्ता लागला नाही. तो आत हलत राहिला, भोक लांबट करत गेला, आणि द्रव वाळल्यावर एका संध्याकाळी सगळी हवा गेली. द्रव नसता तर दुसऱ्याच रविवारी मीटरने सांगितलं असतं आणि शे-सव्वाशे रुपयांत दोरीवर भागलं असतं.

आतून मशरूमचं, म्हणजे छत्रीच्या आकाराचं रबरी, ठिगळ लावायचं तर रबर स्वच्छ घासून कोरडं लागतं, तेव्हाच सोल्युशन धरतं. तुमच्या पापुद्र्यांवर ते धरेना. भोकही बाजूच्या भिंतीजवळ गेलेलं. जेमतेम 9,000 किमी चाललेला, नक्षी शाबूत असलेला टायर टाकून द्यावा लागला.

मी 1986 ते 2003 चेतक वापरली. दोन्ही चाकं एकाच मापाची, 3.50-10, आणि सोबत स्टेपनी. पंक्चर झालं की स्कूटर कलती करायची, नट सोडायचे, स्टेपनी चढवायची आणि हात पुसून ऑफिसात जायचं. आताच्या स्कूटरला स्टेपनी नाही, म्हणून तर तुमची बाटली घेतली.

बाटलीवर तयार केल्याचा महिना आहे, पण भरल्यावर द्रव किती महिने ओला राहतो ते कुठेही नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीतलं भोक तो बंद करत नाही, हे नाही. द्रव भरल्यावरही दर काही दिवसांनी टायर फिरवून खिळे बघावेत, हेही नाही. ‘टायर संपेपर्यंत निश्चिंत’ मात्र बोटभर जाडीच्या अक्षरांत आहे.

माझी मागणी अशी. बाटली 480, नवा टायर 1,650, साफसफाई आणि फिटिंग 200. एकूण 2,330 रुपये परत करावेत. मनस्तापाचे पैसे मागत नाही. 22 जुलैचं वाक्य लेखी मागे घ्यावं. आणि वरच्या तीन गोष्टी बाटलीवर मराठीत, वाचता येतील अशा अक्षरांत छापाव्यात. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. ज्या गावात 1974 साली ग्राहक पंचायत सुरू झाली त्या गावातल्या पेन्शनरकडे वेळ भरपूर असतो.

आपला,
(सही)
बिल क्रमांक सोबतच्या प्रतीवर आहे.

ता. क. टायरमधून निघालेले गोळे आणि खिळा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवले आहेत. तपासणीला तुमचा माणूस पाठवणार असाल तर दुपारी एक ते चार सोडून कधीही पाठवा.