सुधारित फॉर्म आला म्हणजे तुमचं चुकलं असं नाही, बाबा

ती. आई आणि ती. बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा धड बोलले नाहीत. मी विचारलं तर "काही नाही, जरा कागदपत्रं बघतोय" एवढंच. मग आईने वेगळा फोन करून सांगितलं की रात्री दोन वाजता ते जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले होते. ब्रोकरकडून दुसरा १०९९, म्हणजे वर्षभरात मिळालेल्या डिव्हिडंडचा अमेरिकेतला करासाठीचा फॉर्म, आलाय, वर "दुरुस्त" असं छापलंय, आणि रिटर्न तर फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात भरून झालंय. आता टॅक्सवाल्यांची नोटीस येणार, दंड बसणार, या वयात हे काय करून ठेवलं, असं त्यांना वाटतंय. ऐकल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाहीये, म्हणून लिहायलाच बसले. फोनवर आकडे सांगितले की ते हवेत विरून जातात.

बाबा, तुमचं काहीही चुकलेलं नाही. त्या दिवशी तुमच्या हातात जो कागद होता, त्यावरचाच आकडा तुम्ही भरलात. कागद नंतर बदलला. आणि तुमच्या बाबतीत तो तुमच्या बाजूने बदललाय. सरकारला तुमच्याकडून काही येणं नाही, उलट थोडे पैसे तुम्हालाच परत मिळतील.

आईने पाठवलेले दोन्ही फॉर्मचे फोटो मी समोर ठेवलेत. तुमचे त्या रीटचे, म्हणजे इमारतींच्या कंपनीचे, ४०० शेअर्स, वर्षाला शेअरमागे दीड डॉलर, म्हणजे ६०० डॉलर. पहिल्या फॉर्ममध्ये हे ६०० सगळेच्या सगळे रकाना १-ए मध्ये होते, म्हणजे साधा डिव्हिडंड. दुसऱ्यात त्यांचे तीन तुकडे झाले. १-ए मध्ये ३७२ उरले. ६० गेले २-ए मध्ये, भांडवली नफा म्हणून. आणि १६८ गेले रकाना ३ मध्ये, भांडवलाची परतफेड म्हणून. बेरीज तीच, ६००. बँकेत आलेला एक सेंटही बदललेला नाही. फक्त त्या पैशाचं नाव बदललं.

हे का होतं ते सांगते, कारण एकदा ते कळलं की रात्रीची झोप उडणार नाही. रीट म्हणजे इमारतींची मालकी असलेली कंपनी. हा प्रकार अमेरिकेत १९६० साली कायद्याने सुरू झाला. अट अशी की करपात्र उत्पन्नाचा निदान ९० टक्के भाग भागधारकांना वाटायचा. जेवढा वाटला तेवढ्यावर कंपनीला कर लागत नाही, तो आपण भरायचा. आता कंपनी दर तिमाहीला पैसे वाटते ते हातात आलेल्या भाड्यातून. पण त्यातला "कमाई" म्हणण्यासारखा भाग किती, हे वर्ष संपून हिशेब बंद झाल्याशिवाय तिलाही कळत नाही. वर्षात एखादी इमारत विकली असेल तर तो नफा वेगळा काढायचा. इमारतींवर घसारा लावायचा. राहत्या इमारती करासाठी साडेसत्तावीस वर्षांत झिजतात असं धरतात, दुकानं-ऑफिसांच्या ३९ वर्षांत. इमारत ठणठणीत उभी असते, भाडं येत असतं, पण कागदावर ती दरवर्षी थोडी झिजते. त्यामुळे कागदावरची कमाई वाटलेल्या पैशापेक्षा कमी भरते, आणि जो फरक उरतो तो तुमच्याच भांडवलाची परतफेड मानला जातो.

म्हणजे पैसे वर्षभर येतात, त्यांचं बारसं मात्र जानेवारीत होतं. तोवर ब्रोकर सगळ्यांना एकाच तात्पुरत्या नावाने हाक मारत असतो. कंपनीने विभागणी जाहीर केली की तो फॉर्म दुरुस्त करतो. कधी ती वेळेत पोचते, कधी पहिला फॉर्म निघून गेल्यावर. तुमच्याकडे जो रीटचा म्युच्युअल फंड आहे त्याला तर आपल्या पोटातल्या सगळ्या रीटची बारशी होईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून त्याचा कागद आणखी मागे राहतो. यात कुणाची लबाडी नाही की हलगर्जी नाही.

आता पैशाचं बोलते. साध्या डिव्हिडंडचे ३७२ हे आईच्या बँकेच्या शेअर्ससारखे सवलतीच्या दरात बसत नाहीत, कारण कंपनीने त्यावर कर भरलेलाच नसतो. ते तुमच्या नेहमीच्या दराने, म्हणजे १२ टक्क्यांनी मोजले जातात. पण त्यावर २० टक्के वजावट मिळते. ती रकाना ५ बघून ८९९५ या फॉर्मवर घ्यायची. २०१७च्या कायद्याने आलेली ही वजावट २०२५ अखेर संपणार होती, त्याच वर्षीच्या जुलैतल्या कायद्याने ती कायम झाली. मला याचा मनापासून आनंद झाला, कारण तुमच्यासारख्या निवृत्त माणसांच्या खात्यात रीट भरपूर असतात. तर ३७२ मधून २० टक्के गेले, उरलेल्यावर १२ टक्के, म्हणजे पावणेछत्तीस डॉलरच्या आसपास. भांडवली नफ्याचे ६०: तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्यात त्यावर दर शून्य आहे. त्यातला काही भाग जुन्या घसाऱ्यापोटीचा असेल तर तो २-बी मध्ये दाखवलेला असतो आणि त्याला वेगळा दर लागतो. तुमच्या फॉर्मवर तो रकाना कोरा आहे. १६८ वर आज काहीच नाही. पहिल्या फॉर्मप्रमाणे तुम्ही या ६०० वर साडेसत्तावन्न डॉलर भरलेत. म्हणजे इथेच बावीस डॉलर जास्त गेले.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती मलाही दोन वर्षांपूर्वीच कळली. तुमच्या सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे सरकारी पेन्शनवर, कर किती लागणार हे तुमच्या बाकीच्या उत्पन्नावर ठरतं. निम्मी सोशल सिक्युरिटी अधिक बाकी उत्पन्न ३२,००० डॉलरच्या वर गेलं की नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नमध्ये तिच्यावर कर सुरू होतो, ४४,००० च्या वर गेलं की तिचा ८५ टक्क्यांपर्यंतचा भाग करपात्र होऊ शकतो. पहिली मर्यादा १९८३च्या कायद्यातली, दुसरी १९९३च्या. महागाई इतकी वाढली तरी हे दोन आकडे कुणी हलवलेले नाहीत. मला हे फार अन्यायाचं वाटतं, पण ते असो. मुद्दा असा की भांडवलाची परतफेड या बेरजेत धरतच नाहीत. तुम्ही १६८ डॉलर उत्पन्न म्हणून दाखवलेत आणि तुमचा आकडा ४४,००० च्या पुढे आहे, त्यामुळे जवळजवळ १४३ डॉलरची सोशल सिक्युरिटी उगाचच करपात्र झाली. त्याचे आणखी सतरा डॉलर. मघाची २० टक्के वजावट मात्र इथे उपयोगाची नाही, ती या बेरजेच्या नंतर येते. एका रीटचे हे असे एकोणचाळीस. तुमच्याकडे सात आहेत.

म्हणून १०४०-एक्स, म्हणजे रिटर्न दुरुस्त करायचा फॉर्म, भरूया. भरल्यापासून तीन वर्षांपर्यंत परतावा मागता येतो, तेव्हा घाई अजिबात नाही. राज्याचं रिटर्नही त्याच वेळी दुरुस्त करू. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पैशासाठी कशाला? तर त्या १६८ मुळे तुमच्या शेअर्सची करासाठीची खरेदी किंमत तेवढी खाली जातेच, तुम्ही रिटर्न दुरुस्त करा किंवा नका करू. आज त्यावर कर भरून गप्प बसलात तर विकताना त्याच पैशावर पुन्हा भरावा लागेल. तुमच्या कष्टाच्या पैशाला दोनदा कात्री लागलेली मला चालणार नाही.

या खरेदी किमतीबद्दलच मला सगळ्यात जास्त लिहायचंय. बाबा, तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही. हे शेअर्स तुम्ही २००७ मध्ये २५ डॉलरने घेतले, १०,००० डॉलरचे. २०११ च्या आधी घेतलेल्या शेअर्सची खरेदी किंमत ब्रोकर सरकारला कळवत नाही, ठेवतही नाही नीट. ती फक्त तुमच्या वहीत आहे. दरवर्षी रकाना ३ मधला आकडा तुम्ही वजा करत आलात, आणि गेल्या वर्षीच्या ओळीला ७,४१२ होते. यंदाचे १६८ गेले की ७,२४४. उद्या हे शेअर्स १६,००० ला विकले तर नफा सहा हजारांचा धरायचा नाही, ८,७५६ चा धरायचा. आणि परतफेड होत होत किंमत शून्यावर आली, तर त्यापुढे येणारी परतफेड त्याच वर्षी भांडवली नफा म्हणून करपात्र होते. ही वही नसती तर या वयात मी अठरा वर्षांचे फॉर्म कुठून शोधले असते?

आई, पुढचं वाचून रागावू नकोस. तू म्हणतेस ना, "ती वही त्यांची, मला त्यातलं काही कळत नाही." मला वाटतं तुलाही ते माहीत असायला हवं. आपल्यापैकी कुणी गेलं की वारसाकडे येणाऱ्या शेअर्सची खरेदी किंमत त्या दिवशीच्या बाजारभावाला नव्याने धरली जाते, आणि इतक्या वर्षांची ती परतफेड करातून सुटते. पण शेअर्स दोघांच्या नावावर असतील तर बहुतेक राज्यांत निम्म्याच हिश्शाला हे लागू होतं. उरलेल्या निम्म्याची किंमत त्या वहीतलीच राहते. म्हणजे ती वही तुझ्याही कामाची आहे, तुझ्याच जास्त. मी आले की आपण दोघी एक दुपार तिच्यासोबत बसू. बाबांनी समोर बसून चुका काढायच्या नाहीत, एवढी अट.

बाबांच्या वहीतला तो दीडशे डॉलरचा घोळही मला सापडला. तुम्ही लिहिलंय, "फॉर्ममध्ये १५० जास्त दाखवलेत, विचारणे." तो पैसा बँकेत जानेवारीत आला, पण कंपनीने तो डिसेंबरमध्ये जाहीर केला होता. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जाहीर झालेला आणि जानेवारीत दिलेला डिव्हिडंड कायद्याने बहुतेक वेळा ३१ डिसेंबरलाच मिळाला असं धरतात. गेल्या जानेवारीतला तसाच त्याआधीच्या वर्षात गेला होता, म्हणून फॉर्मचे चार हप्ते जुळतात आणि बँकेच्या तारखांनी मोजलेले जुळत नाहीत. तुमची बेरीज बरोबर आहे, फक्त हप्ता एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर न्यायचा.

एका गोष्टीवर मात्र माझं तुमच्याशी पटत नाही. तुमच्या यादीतला तो नवा रीट, बारा टक्के देणारा. "बघ, जवळजवळ सगळी भांडवलाची परतफेड, करच नाही," असं तुम्ही आनंदाने सांगितलंत. बाबा, परतफेड दोन प्रकारची असते. एक घसाऱ्यामुळे कागदावर दिसणारी. दुसरी खरोखरची, म्हणजे भाडं पुरत नाही म्हणून कंपनी तुमचंच मुद्दल तुम्हाला हप्त्याहप्त्याने परत करते. फॉर्मवर दोन्ही त्याच रकाना ३ मध्ये येतात. ओळखायचं असेल तर एफएफओ, म्हणजे फंड्स फ्रॉम ऑपरेशन्स, बघायचा. नफ्यात इमारतींचा घसारा परत मिळवून आणि विक्रीचा नफा वगळून हा आकडा काढतात. रीटवाल्यांच्या संघटनेने, नॅरीटने, १९९१ मध्ये तो ठरवून दिला आणि तिमाही निकालांत तो छापलेला असतो. तुमच्या जुन्या रीटचा शेअरमागचा एफएफओ दीड डॉलरच्या चांगला वर आहे, म्हणून मला त्याची काळजी नाही. या नव्याचा मी काढून पाहिला. तो वाटलेल्या डिव्हिडंडच्या दोन तृतीयांशही नाही. अजून पैसे घालू नका त्यात, माझ्यासाठी.

आणि आयआरएमध्ये, म्हणजे निवृत्तीच्या खात्यात, जे रीट आहेत त्यांचे कागद या पसाऱ्यातून बाजूला काढून ठेवा. तिथे पैशाला कुठलंही नाव मिळालं तरी फरक पडत नाही, बाहेर काढाल तेव्हा सगळं एकाच मापाने मोजलं जातं.

पुढच्या वर्षी मार्चचा तिसरा आठवडा उजाडेपर्यंत रिटर्न भरायचं नाही, असं ठरवूया का? १५ एप्रिलपर्यंत वेळ असते. तुम्हाला सगळं वेळेआधी हातावेगळं करायची सवय, आणि त्याच सवयीवर आमचं घर उभं राहिलं, ते मी जाणते. पण या एका कामात लवकर उठणाऱ्यालाच दोनदा चालावं लागतं.

मी १०४०-एक्सचा कच्चा मसुदा करते आहे. सहा रीटचे आकडे जुळले, सातव्यात अडले. वहीच्या फोटोत २०१३ च्या ओळीला परतफेड १२१ आहे की १२९ ते कळत नाही, तुमचा एक आणि नऊ अगदी सारखे दिसतात. आईला सांगा भिंग घेऊन बघायला आणि आज रात्रीच मला कळवायला. आणि बाबा, तुम्ही दहा वाजता झोपा.

तुमची,
लेक